सोलचं नॅशनल म्युझियम ऑफ कोरिया: श्रीनूसोबत दोनदा बघितलं, सोलापूरकरांसाठी सविस्तर रिव्ह्यू

सोलापुरातून कोरियाला नुसतं फिरायला जाणारे अजून कमीच, जातात ते कंपनीच्या ट्रेनिंगला नाहीतर पोरं शिकायला, आणि तिथल्या म्युझियमबद्दल मराठीत नीट लिहिलेलं मला जायच्या आधी काहीच सापडलं नाही, म्हणून मीच लिहितोय. मोठं झालंय, पण जाणाऱ्याला उपयोगी पडेल.

मी शाळेत इतिहास शिकवतो. श्रीनू आठवीपासूनचा दोस्त, पूर्व भागातला, पद्मशाली, वडलांचे चादरीचे माग होते, हा इंजिनियर झाला आणि आता चाकणला एका कोरियन कंपनीत आहे. त्याला तीन महिने ट्रेनिंगला सोलजवळच्या सुवॉनला पाठवलेलं, तिथनं फोन, "मे महिन्यात शाळा बंदच की बे तुझी, ये की, राहायची सोय हाय, तिकिटाचं तेवढं बघ." इकडं त्रेचाळीस डिग्री चाललेलं. आधी एका टूरवाल्याकडं चौकशी केली तर त्याच्या कागदावर म्युझियमला पाऊण तास आणि शॉपिंगला अर्धा दिवस, ते बघूनच नको म्हणलं आणि स्वतःचं स्वतः गेलो. म्युझियमला पाऊण तास म्हणजे सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन तळं न बघता परत येण्यासारखं आहे.

पोचायचं कसं ते आधी सांगतो. मेट्रोचं इचॉन स्टेशन, लाइन ४, एक्झिट २. स्टेशनातूनच जमिनीखालून सरकत्या पट्ट्याचा रस्ता आहे तो थेट म्युझियमच्या आवारात बाहेर काढतो, पाऊस असो ऊन असो काही फरक पडत नाही. आमच्या सोबत एक आजी चालत होत्या, हातात नातू, त्यांनी आम्हाला बोट करून दाखवलं की इकडनं, आम्ही विचारलंही नव्हतं. बाहेर आलं की आधी तळं दिसतं आणि त्याच्यामागं ती लांबच लांब करडी इमारत. इमारतीच्या बरोब्बर मधे एक भलंमोठं मोकळं चौकट सोडलेलं आहे, पायऱ्या चढून तिथं उभं राहिलं की त्या चौकटीतनं नामसान डोंगर आणि वरचा टॉवर दिसतो. तिथं शाळेची पोरं बसलेली, एकसारख्या पिवळ्या टोप्या घातलेली, डबे खात होती. मला माझा वर्ग आठवला.

तिकीट नाही. मी गेलो तेव्हा कायमस्वरूपी दालनं सगळी फुकट होती, फक्त स्पेशल प्रदर्शनाला पैसे. बॅगा ठेवायला लॉकर आहेत, बॅग तपासतात, फ्लॅश न मारता फोटो काढता येतात, इंग्रजी पाट्या सगळीकडं आहेत. बुधवारी आणि शनिवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, आम्ही बुधवारच धरला.

ही जागासुद्धा इतिहासच आहे. योंगसान हा भाग आधी जपानी सैन्याची छावणी होता, १९४५ नंतर अमेरिकन सैन्याची, शेजारचं पार्क म्हणजे त्या सैन्याचं गोल्फचं मैदान होतं. म्युझियम इथं २००५ साली आलं. त्याच्या आधी १९८६ पासून ते चक्क जपानी गव्हर्नर जनरलच्या जुन्या इमारतीत होतं, जी जपान्यांनी कोरियाच्या राजवाड्याच्या तोंडासमोर बांधली होती, म्हणजे ज्यांनी राज्य बळकावलं त्यांच्याच हापिसात आपल्या पूर्वजांच्या वस्तू मांडायची वेळ. १५ ऑगस्ट १९९५ ला, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, त्या इमारतीचा कळस उतरवला आणि नंतर ती पूर्ण पाडली. हो, तारीख आपलीच, फक्त त्यांचं साल १९४५. हे मी श्रीनूला पायऱ्यांवरच सांगितलं तर तो थोडा वेळ गप्पच, मग म्हणला, "पाडायला पण हिंमत लागती बे."

आत गेल्यावर एक लांब, उंच, उजेडाचा रस्ता आहे, छतातनं ऊन येतं, दोन्ही बाजूला दालनं. पहिल्या मजल्यावर अश्मयुगापासून सुरू होतं. मी नियोजन करून गेलतो, किती वाजता काय बघायचं त्याचा कागद होता खिशात, आणि पहिल्याच दालनात तो कागद खिशातच राहिला.

एकतर तिथली दगडी हातकुऱ्हाड. जॉनगोक नावाच्या गावाजवळ हानतान नदीच्या काठी १९७८ साली एका अमेरिकन सैनिकाला फिरताना हे दगड दिसले, तो आधी पुरातत्त्व शिकलेला म्हणून त्याला कळलं की हा नुसता दगड नाही, माणसानं दोन्ही बाजूनं घडवलेला आहे. तोपर्यंत मोठे मोठे विद्वान म्हणायचे की अशा हातकुऱ्हाडी आफ्रिका, युरोप आणि आपल्या भारतापर्यंतच, त्याच्या पूर्वेला असलं काही नाही. एका दगडानं ती रेघ पुसायला घेतली. मी वर्गात पोरांना हातकुऱ्हाडीचं चित्र फळ्यावर काढून दाखवतो, इथं काचेपलीकडं खरी होती, एका बाजूला टवके उडवल्याच्या खुणा इतक्या स्वच्छ की हात नेमका कसा फिरला असंल ते समजतं.

मी तिथं रमलो आणि श्रीनू पुढं गेला, मला वाटलं कंटाळला. बघतो तर पुढच्या काचेजवळ वाकून उभा. आत मातीच्या छोट्या चकत्या, मधे भोक, सुपारीएवढी एक, मोठ्या बिस्किटाएवढी एक. लोक तिकडं बघतही नव्हते, सगळे नक्षीच्या मडक्यांकडं. "ही चातीची चकती हाय बे," म्हणला. चाती म्हणजे सूत कातायची काडी, तिच्या बुडाला वजन म्हणून ही चकती लावायची, काडी फिरवून सोडली की चकतीच्या वजनानं फिरत राहते आणि सुताला पीळ बसतो. शेजारच्या पाटीवर हेच लिहिलेलं, पण त्यानं पाटी वाचलीच नव्हती. हजारो वर्षांपूर्वीच्या कुणा बाईची चकती, देश कुठला भाषा कुठली, आणि सोलापूरच्या मागवाल्याच्या पोराला एका नजरेत ओळखू आली. तो म्हणला लहानपणी अम्मा कांड्या भरत बसायची, रहाटाचा आवाज ऐकत झोपायचो. वीस वर्षांत हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. त्यानं फोटो काढून अम्माला पाठवला. त्याचं पुढं सांगतो.

पुढं कोरियाच्या जुन्या तीन राज्यांची दालनं, कोगुर्यो, पेक्चे आणि शिल्ला, शिवाय मधे गाया नावाचं छोटं राज्य. आपल्या लोकांना गायामधे रस असणार कारण ती भारतातल्या राजकन्येची गोष्ट, आयुता देशाची राजकन्या जहाजातनं आली आणि गायाच्या राजाशी लग्न केलं, साल इ. स. ४८. आयुता म्हणजे अयोध्या असं आज सांगितलं जातं. मी इतिहासाचा मास्तर म्हणून एवढंच सांगतो की ही गोष्ट तेराव्या शतकात एका भिक्खूनं लिहिलेल्या ग्रंथातली आहे, म्हणजे घटनेनंतर बाराशे वर्षांनी, तेव्हा ती आख्यायिका म्हणून प्रेमानं ऐकावी. गायाचं खरं वैभव लोखंड. चिलखतं आणि लोखंडाच्या पट्ट्या मांडल्यात, पट्ट्या गठ्ठ्यानं बांधून व्यापाराला जायच्या. ते बघा.

शिल्लाचा सोन्याचा मुकुट मात्र सगळे बघतात आणि बघायलाच पाहिजे. अंधाऱ्या खोलीत एकटा ठेवलाय. झाडाच्या फांद्यांसारख्या तीन उभ्या पट्ट्या, मागं हरणाच्या शिंगांसारख्या दोन, आणि सगळीकडं पातळ तारेनं लटकवलेल्या सोन्याच्या टिकल्या आणि वळलेले हिरवे जेड. ग्योंगजू शहरात ह्वांगनामदेचोंग नावाची जोड टेकडीची समाधी आहे, १९७० च्या दशकात खोदली, एका टेकडीत पुरुष एका टेकडीत बाई. सोन्याचा मुकुट निघाला तो बाईच्या टेकडीत. नवऱ्याच्या बाजूला सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा. ती बाईची समाधी हे कसं कळलं, तर चांदीच्या पट्ट्याच्या एका तुकड्यावर बाईसाहेबांचा पट्टा अशा अर्थाची अक्षरं कोरलेली सापडली. हे मी माझ्या दहावीच्या मुलींना सांगणार आहे, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात.

आता मनोरा. त्या लांब रस्त्याच्या टोकाला संगमरवराचा दहा मजली दगडी मनोरा उभा आहे, साडेतेरा मीटर उंच, ग्योंगचॉनसा मंदिराचा, १३४८ सालचा. कोरियात असले मनोरे सहसा ग्रॅनाइटचे, हा संगमरवरी म्हणून इतकं बारीक कोरता आलं. बुद्ध, भिक्खू, राजे, कौलारू छपरांची टोकं, आणि खालच्या भागात ह्युएनत्संगाच्या भारतप्रवासाच्या गोष्टीतले प्रसंग. तोच ह्युएनत्संग जो पुलकेशीच्या राज्यात आलता आणि महाराष्ट्रातल्या माणसांबद्दल लिहून गेला, सातवीच्या पुस्तकातला, तो इथं कोरियाच्या मनोऱ्यावर भेटला म्हणल्यावर मला काय झालं असंल.

१९०७ साली जपानच्या दरबाराचा एक मंत्री, तानाका मित्सुआकी, त्यानं हा मनोरा उचलायला हत्यारबंद माणसं पाठवली, तुकडे करून गाड्यांवर घालून जपानला नेला. त्यावर कोरियात राहणारे दोन परदेशी लोक, बेथेल नावाचा इंग्रज पत्रकार आणि हलबर्ट नावाचा अमेरिकन, यांनी लिहून लिहून जगासमोर आणलं. शेवटी १९१८ ला तुकडे परत आले, पण नुसते पडून राहिले. १९६० ला राजवाड्याच्या आवारात उभा केला, फुटलेल्या ठिकाणी सिमेंट भरून, मग पावसानं आणि हवेनं दगड खराब व्हायला लागला म्हणून १९९५ ला पुन्हा सोडवला आणि दहा वर्षं दुरुस्ती करून २००५ ला इथं, छताखाली उभा केला. पळवला, आणला, उभा केला, चुकलं म्हणून परत सोडवला, परत उभा केला. जवळ जाऊन बघितलं तर काही तुकडे नवे आहेत ते वेगळे ओळखू येतात, रंग जरा फिका, कोरीवकाम नसलेले. तिसऱ्या मजल्यावर गेलं की त्याचे वरचे मजले डोळ्यासमोर येतात, खालून जे दिसत नाही ते. दोन्हीकडून बघा, हे सांगितल्याशिवाय लोक वर जात नाहीत.

माझ्या डोक्यात हुतात्मा चौक आला, जुन्या मिलच्या भिंती आल्या. आपल्याकडं पडलेल्या गोष्टीला परत उभं करायला दहा वर्षं कुणी देत नाही, आणि मला वाटतं द्यावीत.

दुपारी जेवण. आत खायला जागा आहेत, कॉफी ठीक आहे, पण शाकाहारी माणसानं प्रत्येक ठिकाणी विचारून खावं, भाज्यांच्या सूपातही मासळी असते. आधल्या रात्री बाहेर एका साध्या खानावळीत आम्ही नुसता भात आणि कोबी सांगितला तर कोबीवर सुकी मासळी आली, त्या मावशींना बिचाऱ्यांना ते मांसाहारात धरायचं माहीतच नाही. म्हणून बुधवारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन गेलतो, मी सोलापूरहून नेलेली, तळ्याच्या काठी बाकावर बसून खाल्ली. कडक भाकरी प्रवासाला जगात कुठंही न्या, पंधरा दिवस काही होत नाही. समोर पाण्यात कौलारू मंडप, वारा गार, मे महिन्यात अंगात जॅकेट. आवारातच दगडी मनोऱ्यांची बाग आहे आणि १४६८ साली ओतलेली बोशिनगाकची मोठी घंटा, जी सोलच्या वेशी उघडायला-लावायला वाजवायचे. तिथं पाच मिनिटं काढा.

तिसऱ्या मजल्यावर मातीची भांडी. सेलाडॉन म्हणजे हिरवट निळसर झिलईची भांडी, गोर्यो राजघराण्याच्या काळातली. आधी ओल्या मातीवर नक्षी कोरायची, कोरलेल्या जागेत पांढरी आणि तांबूस माती भरायची, जास्तीची खरवडून काढायची, मग भाजायचं, मग झिलई देऊन परत भाजायचं, तांबूस माती भट्टीत काळी पडते, आणि पांढरे बगळे हिरव्या आभाळात उडताना दिसतात. श्रीनू म्हणला हे चादरीच्या जेकॉट विणीसारखंच, रंग वरनं छापलेला नाही, आतच विणलेला. मला हे सुचलं नसतं. त्याच दालनात धूपदाणी आहे, बाराव्या शतकातली, तळहातावर मावेल अशी, वर जाळीदार गोळा, त्याच्याखाली कमळाच्या पाकळ्या, आणि सगळ्याच्या खाली तीन ससे, पाठीवर ते सगळं पेलून बसलेले. सशांच्या डोळ्यांत काळा ठिपका दिलाय. एवढ्याशा सशाला डोळा द्यायचा हे त्या कुंभाराला सुचलं, आणि त्या ठिपक्यानं ते ससे जिवंत झालेत. मी गुडघ्यावर बसून बघितलं, काचेच्या खालच्या कडेपासून बघितलं तरच ससे नीट दिसतात. लहान पोरांना तेच आधी दिसतात, उंची तेवढीच असते म्हणून.

पुढं पांढरी चिनीमाती, आणि चंद्रघट. मोठा गोल पांढरा हंडा, नक्षी नाही, रंग नाही. एवढं मोठं भांडं चाकावर एकसंध निघत नाही म्हणून दोन वाडगे करून तोंडाला तोंड जोडायचे, त्यामुळं पोटावर जोडाची किंचित रेघ राहते आणि भांडं पूर्ण गोल कधीच होत नाही. कोरियन लोकांचा ह्याच्यावर फार जीव. एक बाई त्याच्यासमोर बाकावर बसून होत्या, आम्ही दालनात शिरलो तेव्हा आणि बाहेर पडलो तेव्हासुद्धा.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं ते. दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे, २०२१ च्या नोव्हेंबरात उघडलेली, नावाचा अर्थ चिंतनाची खोली. आत जायला अंधारी वाट. मग मोठी खोली, मातीच्या भिंती, वर ताऱ्यांसारखं काहीतरी लुकलुकतं, जमीन किंचित तिरकी, त्यामुळं आपोआप पावलं हळू पडतात. आणि पुढं फक्त दोन मूर्ती. सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्याच्या, बोधिसत्त्वाच्या, एक सहाव्या शतकाच्या शेवटची, एक सातव्या शतकाच्या सुरुवातीची. एक पाय खाली, एक पाय गुडघ्यावर, आणि उजव्या हाताची बोटं गालाला टेकलेली, विचारात. समोर काच नाही. पाठीमागून सुद्धा फिरून बघता येतं. खोलीत पाट्याही जवळजवळ नाहीत, वाचायला काही नाही, बघायचंच.

मला माहीत होतं हे ध्यान राजपुत्र सिद्धार्थावरून आलंय, म्हातारपण, आजार, मरण बघून विचारात पडलेला. गंधारपासून चीन, चीनपासून कोरिया, तिथनं जपान, क्योटोला लाकडाची अशीच एक मूर्ती आहे. हे सगळं मी श्रीनूला सांगणार होतो, वाक्य तयार होतं, पण तोंडातनं काही निघालं नाही. तिथं कुणी बोलतच नाही. चाळीसेक माणसं असतील, पोरं पण होती, आवाज नाही. त्या चेहऱ्यावर हसू आहे म्हणलं तर आहे, नाही म्हणलं तर नाही. एका बाजूनं दुःखी वाटतो, दोन पावलं सरकलं की समाधानी. माझे वडील मागच्या वर्षी गेले, शेवटचे काही महिने ते असेच बसायचे, गालाला हात लावून, आम्ही विचारायचो काय झालं अण्णा, ते म्हणायचे काही नाही. मला तिथं ते आठवले आणि डोळे भरून आले, पुसले नाहीत, अंधार होता.

श्रीनू मूर्तीच्या मागच्या बाजूला उभा होता. बाहेर आल्यावर बऱ्याच वेळानं म्हणला, "मागनं बघितलास का? बसायच्या जागेवरनं कापड कसं पडलंय. निऱ्या बघ. जड कापड हाय ते, पातळ कापड असं पडत नाही. ज्यानं केलंय त्यानं कापड हातात धरून बघितलंय." मी परत आत जाऊन मागनं बघितलं. खरंच.

तुमच्याकडं एकच तास असंल तर सरळ ह्या खोलीत जा आणि तिथंच बसा, बाकी राहू दे. सकाळी उघडल्या उघडल्या किंवा बुधवार-शनिवार रात्री गर्दी कमी.

त्याच मजल्यावर राजघराण्याच्या समारंभांच्या नोंदवह्यांचं दालन आहे, उइग्वे म्हणतात. लग्न, अंत्ययात्रा, राज्याभिषेक, कोण कुठं उभं, किती घोडे, किती पालख्या, खर्च किती, सगळी मिरवणूक रंगात काढलेली. राजाच्या वाचनाच्या प्रतीला हिरव्या रेशमाचं कव्हर आणि पितळी पट्ट्या. १८६६ साली फ्रेंच आरमारानं गांगह्वा बेटावरनं ह्या पळवल्या, त्या पॅरिसच्या ग्रंथालयात पडून होत्या, तिथं काम करणाऱ्या पार्क ब्योंगसॉन ह्या कोरियन बाईंनी त्या १९७० च्या दशकात शोधून काढल्या. २०११ ला २९७ खंड परत आले, पण मालकी फ्रान्सचीच, कोरियाकडं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायच्या भाडेकरारावर आहेत. वाघनखं २०२४ ला लंडनहून तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्याला, आली तेव्हा आपल्या मनात जे झालं तेच त्यांच्या मनात रोज असणार. स्वतःच्या राजाची वही, आणि परतीची तारीख लिहिलेली. मला हे बघून चीड आली आणि त्याच वेळी त्या बाईंना नमस्कार करावासा वाटला.

एक गोष्ट लक्षात घ्या, ह्या म्युझियमची गोष्ट १९१० पाशी थांबते, जपाननं कोरिया गिळला तिथपर्यंत. श्रीनू विचारत होता लढा कुठाय, त्यांचे हुतात्मे कुठं. त्याच्यासाठी ग्वांगह्वामुनजवळ आधुनिक इतिहासाचं वेगळं म्युझियम आहे, २०१२ चं, तिथं जपानविरुद्धचं १ मार्च १९१९ चं आंदोलन आहे, ते बघताना सोलापूरकराला १९३० चा मार्शल लॉ आणि आपले चार हुतात्मे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. आणि कोरियन युद्ध बघायचं तर इचॉनपासून मेट्रोनं दोनच स्टेशनं पुढं सामगाकजीला वॉर मेमोरियल. जाताना हे डोक्यात ठेवून जा की त्या युद्धात भारतानं डॉक्टरांचं पथक पाठवलेलं, आणि १९५३ ला घरी परत जायला नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांना सांभाळायला जी भारतीय फौज गेली तिचे प्रमुख आपले मराठी जनरल थोरात होते. डॉ. कोटणीस चीनला गेले ते आपल्याला पाठ आहे, थोरात कोरियाला गेले हे सोलापुरात किती जणांना माहीत आहे.

दुकान खालच्या मजल्यावर. पुतणीनं यादी दिलेली, त्या विचारमग्न मूर्तीची छोटी रंगीत प्रतिकृती, कारण बीटीएस ह्या कोरियन बँडमधल्या आरएम नावाच्या गायकाकडं ती आहे. गुलाबी, निळी, पिवळी. मला आधी वाटलं देवाची मूर्ती गुलाबी करायची म्हणजे काय, पण वर खोलीत ज्या वयाची पोरं शांत उभी होती तीच पोरं खाली ही मूर्ती छातीशी धरून रांगेत होती, मग माझं मत बदललं. घेतली एक. दुकानात प्रत्येक वस्तूसोबत ती म्युझियममधल्या कुठल्या वस्तूवरून केली ते लिहिलेलं आहे. आपल्या चादरीला जीआय मानांकन आहे, पण नव्या पेठेत चादर घेणाऱ्याला मोराची नक्षी कुठनं आली, मागावर कशी उतरते, हे सांगणारी एक चिठ्ठी सुद्धा कधी मिळालेली मी बघितली नाही. श्रीनू म्हणला हे आपण करू शकतो बे, चिठ्ठी तर चिठ्ठी. परत आल्यावर त्यानं चुलत्याशी बोलणं केलंय, मी मजकूर लिहून देणार आहे.

बुधवारी रात्री खोलीवर आलो तर अम्माचा फोन. फोटो बघितला होता त्यांनी. श्रीनूशी तेलुगूत बोलल्या, मग मला मराठीत, "अरे सर, ती चकती बघितलास का नीट? भोक मधोमध नाही वाटत मला. एका अंगाला झिजलंय. लई वर्सं वापरल्यालं असंल कुणीतरी." आम्ही दोघांनी फोटो मोठा करून बघितला, नीट कळेना, काचेची चमक आलेली.

शनिवारी संध्याकाळी परत गेलो, मुकुट नाही, मनोरा नाही, सरळ पहिल्या दालनात. श्रीनूनं मोबाईल बाजूला धरून उजेड अडवला आणि मी वाकून बघितलं. सुपारीएवढी जी चकती होती, तिचं भोक खरंच एका बाजूला सरकलेलं, त्या बाजूची कड गुळगुळीत झालेली, दुसऱ्या बाजूची अजून खडबडीत. शेजारी एक कोरियन आजोबा येऊन उभे राहिले, आम्ही इतकं काय बघतोय म्हणून, श्रीनूनं बोटांनी चाती फिरवून दाखवली, अंगठा आणि पहिलं बोट, आजोबांनी मान हलवली आणि तसंच बोट फिरवून दाखवलं, मग हाताची उंची दाखवून काहीतरी म्हणले, बहुतेक आई, किंवा आजी.